पैऱ्याचा तास : पाटणच्या डोंगरातल्या सहा शाळा आणि ऑनलाइन शिक्षणाचा हिशोब

पाटण तालुक्यात सहा माध्यमिक शाळा चालवणाऱ्या एका लहान शिक्षण संस्थेच्या सचिवांचा डिसेंबरात फोन आला. "मॅडम, आपल्याला ऑनलाइन शिक्षणाची यंत्रणा उभी करायचीय. जूनला उद्घाटन धरलंय. हे होऊ शकतं, एवढा एक अहवाल तुम्ही द्या." मी कराडला संगणकशास्त्र शिकवते आणि माझं माहेर मोरणा खोऱ्यातलं, म्हणून त्यांना मी आठवले. त्यांना 'होऊ शकतं' हे वाक्य हवं होतं. मी त्यापुढे 'का' लावायची परवानगी मागितली, आणि ती त्यांनी मोकळ्या मनाने दिली. त्या परवानगीतून पुढे जे घडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण अशी विचारणा आता तालुक्या-तालुक्यात होते आणि बहुतेक ठिकाणी हिशोब चुकीच्या टोकाने सुरू होतो. माझाही तसाच झाला होता.

अडचण खरी होती. सहा शाळा मिळून आठवी ते दहावीची ५४० मुलं. गणिताचे शिक्षक दोनच शाळांत, विज्ञानाचे तीन शाळांत. एका शाळेत दोन्ही नाहीत. निवृत्त झालेल्या शिक्षकाची जागा संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवण्याच्या सरकारी हिशोबात, टिकली तर टिकली, आणि टिकली तरी भरती होऊन माणूस हजर होईपर्यंत दहावीची एखादी तुकडी निघून जाते. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासामागे मानधनावर, घेतलेला तरुण शिक्षक दिवाळीनंतर चांगली नोकरी मिळाली की जातो, आणि त्याला दोष देता येत नाही. शाळा नकाशावर जवळजवळ दिसतात, पण मध्ये डोंगराची धार आहे. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचं तर पाटणला उतरायचं आणि पुन्हा चढायचं.

सचिवांच्या डोक्यातलं चित्र साधं होतं. मोठ्या शाळेतले गणिताचे सर तालुक्यात नावाजलेले. त्यांनी एका खोलीतून शिकवावं आणि बाकीच्या पाच शाळांनी ते त्याच वेळी पडद्यावर पाहावं. पुण्याच्या एका कंपनीचा प्रस्तावही आलेला होता : दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १,२०० रुपये, त्यात ॲप, थेट तास, चाचण्या, पालकांना संदेश. ५४० मुलांचे वर्षाला ६ लाख ४८ हजार. प्रस्ताव गुळगुळीत कागदावर छापलेला होता आणि त्यात 'शिक्षक' हा शब्द शोधावा लागत होता.

पहिली प्रश्नावली

व्यवहार्यता तपासताना पाच बाजू पाहायच्या असं आम्ही वर्गात शिकवतो : तंत्र, पैसा, कायदा, रोजची कार्यवाही आणि वेळापत्रक. मी त्याच क्रमाने निघाले. तंत्राची पहिली पायरी म्हणून पालकांसाठी छापील प्रश्नावली काढली. घरात स्मार्टफोन आहे का? नेटपॅक असतो का? बहुतेक उत्तरं 'हो' आली. मी समाधानाने आकडे मांडत होते, तेव्हा शाळेतले भाऊसाहेब शेजारी बसून पावत्या फाडत होते. कागदाकडे बघून ते म्हणाले, "फोन हाय ओ मॅडम. पण संध्याकाळी फोन असतो कुठं, ते इचारलं का?"

ते मी विचारलं नव्हतं. प्रश्नावली पुन्हा काढली. या वेळी प्रश्न एकच ठेवला : काल संध्याकाळी सात ते नऊ तो फोन कुणाच्या हातात होता? सगळं चित्र पालटलं. फोन वडिलांबरोबर कराडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. फोन टेम्पोवर. फोन थोरल्या भावाकडे. मुंबईला माथाडी काम करणाऱ्या बापाचा फोन तर महिन्यातून एकदाच घरी येतो. घरी राहिलेला फोन असला तर तो आईकडे, साधा, बटनांचा. मुलींच्या कागदांवर 'माझ्या हातात' हे उत्तर फारच थोड्या ठिकाणी होतं. 'स्मार्टफोन असलेली घरं' मोजून उभारलेली कुठलीही योजना या मुलींना बाहेर ठेवूनच सुरू होणार होती, आणि कागदावर ते कधी दिसलंही नसतं.

पालकसभेत आणखी एक गोष्ट समोर आली, ती मला अजिबात अपेक्षित नव्हती. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं, "शेजारच्या सांगली जिल्ह्यात भोंगा वाजवून फोन बंद करत्यात, आन् तुमी पोरांच्या हातात फोन द्या म्हंता?" ते कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावबद्दल बोलत होते. त्या गावाने २०२२ साली ठरवलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. ही बातमी आमच्या डोंगरात सगळ्यांना माहीत होती आणि आवडलेली होती. २०२० च्या टाळेबंदीत याच पालकांची मुलं रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसत होती. पावसात छत्री धरून, बहिणीचा अभ्यास भावाने आणि भावाचा बहिणीने ऐकून. तेव्हाचा फोन घरात आला तो अभ्यासासाठी, राहिला तो दुसऱ्याच कामासाठी, असं पालकांचं म्हणणं. मला त्यांचं पटलं. त्या सभेतून मी एक अट घेऊन निघाले : घरच्या फोनवर काहीही अवलंबून ठेवायचं नाही. जे होईल ते शाळेत, शाळेच्या वेळात.

या अटीने कंपनीचा प्रस्ताव जवळपास निकालात निघाला. उरलेला कायद्याने निघाला. त्यांचं ॲप फोनमधले संपर्क आणि ठिकाण यांची परवानगी मागत होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे. तिची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवणं किंवा त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला हा कायदा मनाई करतो. दहावीच्या मुलीचं ठिकाण गणिताच्या ॲपला कशासाठी हवं, या प्रश्नाला कंपनीच्या प्रतिनिधीकडे उत्तर नव्हतं.

तार, रेंज आणि पत्रा

सहाही शाळांत मी आठवडाभर फोन घेऊन फिरले; सकाळी, दुपारी, चार वाजता. बहुतेक ठिकाणी रेंज एका ठरावीक जागी येते. एका शाळेत ती शिक्षकांच्या खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीत येते आणि तिथेच एक स्टूल कायमचं ठेवलेलं आहे. तारेचं इंटरनेट काही गावांत ग्रामपंचायतीपर्यंत पोचलंय, शाळेपर्यंत नाही.

एका पडद्यापुरता थेट तास म्हटलं तर सेकंदाला एक-दीड मेगाबिट पुरतात, फार लागत नाही. पण ते चाळीस मिनिटं न तुटता लागतात. तास मध्येच दोनदा तुटला तर पाच शाळांतली मुलं गोठलेल्या चेहऱ्याकडे बघत बसतात, आणि सरांना पलीकडे कोण आहे, कोण नाही हेच कळत नाही. शिवाय सहा शाळांच्या घंटा एकत्र आणायच्या म्हणजे सहा गावांच्या एसटीच्या वेळा एकत्र आणणं आलं. थेट तासाचा विचार मी इथेच सोडला. सचिवांना तो सोडायला वेळ लागला.

पाठ आधीच तयार करून शाळेत साठवून ठेवायचे, हा दुसरा मार्ग. इथे आकडे आपल्या बाजूने बोलतात. सेकंदाला ४०० किलोबिट दराने केलेला बारा मिनिटांचा पाठ ३६ मेगाबाइटचा होतो. फळ्यावरचं अक्षर त्यात स्वच्छ वाचता येतं. दहावीचं गणित आणि विज्ञान म्हणजे बीजगणिताची ६ प्रकरणं, भूमितीची ७, विज्ञानाच्या दोन भागांची दहा-दहा, एकूण ३३. एका प्रकरणाचे सहा पाठ धरले तर १९८ पाठ, साधारण ७ गीगाबाइट. दहावीचं अख्खं गणित-विज्ञान किल्लीच्या जुडग्याला लटकेल एवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावतं. तो पेनड्राइव्ह खिशात घालून माणूस दीड तास एसटीत बसला तर हिशोबाने तो सेकंदाला दहा मेगाबिटच्या वेगाने माहिती नेत असतो, मधल्या घाटात रेंज असो वा नसो.

माझा पहिला आराखडा यावर बेतलेला होता. प्रत्येक शाळेत हाताच्या तळव्याएवढा एक संगणक, त्यावर 'कोलिब्री' नावाची मोफत प्रणाली. ती इंटरनेटशिवाय चालावी म्हणूनच बनवलेली आहे. पाठ, चाचण्या, कुठलं मूल कुठे अडलं याची नोंद, सगळं शाळेतल्या शाळेत राहतं. बरोबर एक राउटर आणि बॅटरी. आराखडा तंत्राच्या दृष्टीने चोख होता. मला तो आवडलाही होता, आणि आपल्याला आवडलेल्या आराखड्याला आपण कमी प्रश्न विचारतो.

तो एका शिपाईमामांनी तपासला. त्या छोट्या संगणकाची पेटी, तारा, राउटर मांडून मी शिक्षकांना समजावत होते. मामा चहा ठेवून थांबले आणि म्हणाले, "पेनड्राइव्ह सरळ टीव्हीला लावला तर न्हाय का चालत? आमी लग्नाचं शूटिंग तसंच बघतो." चालतं. वर्गाने मिळून एक पाठ पाहायचा असेल तर पेटीची, राउटरची, कशाचीच गरज नाही. फक्त पाठ जुन्या टीव्हीला वाचता येईल अशा रूपात हवा. नव्या पद्धतीने दाबून लहान केलेले व्हिडिओ कित्येक टीव्ही उघडत नाहीत, तेव्हा साधा जुना एमपी-फोर प्रकार ठेवायचा. पेटी मी एकाच शाळेत ठेवली, जिथे वसतिगृह आहे. तिथे मुलं संध्याकाळी सातला एका छताखाली असतात आणि शाळेच्या जुन्या टॅबवर आपापल्या वेगाने सराव करू शकतात. पेटी पुसणं, टॅब चार्ज करणं, बॅटरीत पाणी घालणं ही कामं वसतिगृहातल्या मुलांनी वाटून घेतली. 'कमवा आणि शिका' सांगणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यात याचं कुणाला नवल वाटलं नाही.

तासांचा हिशोब

फेब्रुवारीत मी पहिला अहवाल लिहून काढला. तंत्र जमतं, पैसा जमतो, कायदा सांभाळता येतो. सादर करण्याआधी गणिताच्या सरांना म्हटलं, नमुना म्हणून एक पाठ करून बघू. विषय वर्गसमीकरणे. आणि सहज म्हणून वेळ लिहून ठेवायला सांगितलं.

टिपण असं आलं. काय सांगायचं, काय गाळायचं हे ठरवायला दीड तास. समोर मुलं नसल्यामुळे कुठे अडतील हे आधीच ओळखावं लागतं. फळ्याची आखणी एक तास. चित्रण एक तास, कारण पहिल्यांदा एसटीचा हॉर्न, दुसऱ्यांदा शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा गजर, तिसऱ्यांदा नीट. काटछाट एक तास. पाठामागचे पाच प्रश्न आणि उत्तरं अर्धा तास. बारा मिनिटांच्या पाठाला पाच तास.

१९८ पाठ गुणिले पाच म्हणजे ९९० तास. शाळा, पेपर तपासणी, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं सांभाळून एका शिक्षकाला आठवड्याला फार तर चार तास मिळतील. वर्षाचे ३६ कामाचे आठवडे धरले तर १४४ तास. म्हणजे नुसत्या दहावीच्या पाठांना सात शिक्षकांचं अख्खं वर्ष लागेल, आणि सहा शाळांत मिळून गणित-विज्ञानाचे शिक्षक आहेतच पाच.

माझा फेब्रुवारीचा अहवाल मी मागे घेतला. त्यात वीज होती, तार होती, रुपये होते, पण माणसाचा तास कुठेच नव्हता. कंपनीच्या प्रस्तावात 'शिक्षक' शब्द सापडत नाही म्हणून मी नावं ठेवली होती, आणि माझ्या पानांवर तो शब्द होता एवढाच फरक होता. मराठीत 'तास' हा शब्द वेळेलाही आहे आणि वर्गातल्या शिकवण्यालाही. ऑनलाइन तास म्हटलं की आपण दुसरा अर्थ घेतो आणि पहिला कुणाच्या तरी पदरात गुपचूप टाकतो.

मार्चमध्ये सहाही मुख्याध्यापकांना बसवून हा हिशोब फळ्यावर मांडला. आधी काम कमी केलं. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड उघडले की 'दीक्षा' ॲपवर बरंच साहित्य मिळतं आणि ते उतरवून ठेवता येतं. जिथे ते चांगलं आहे तिथे आपण पुन्हा कशाला करायचं? आमच्या मुलांची हमखास घसरगुंडी होते असे भाग शिक्षकांनी निवडले : समरूपता, त्रिकोणमिती, वर्गसमीकरणे, विद्युतधारेचे परिणाम, भिंगे, कार्बनी संयुगे. १९८ वरून ६० पाठांवर आलो. ३०० तास. एका मुख्याध्यापकांना आठवीच्या आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचे पाठही हवे होते. वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, आमच्याकडच्या घराला ते फार मोलाचे आहेत. तरी मी नाही म्हटलं. पहिल्या वर्षी दहावीच.

३०० तास तरी आणायचे कुठून? मी तासाला १५० रुपये मानधन सुचवलं, म्हणजे ४५ हजार. मुंबईत असलेल्या आमच्या गावकऱ्यांचं मंडळ पैसे देणार होतं. त्यांच्या प्रतिनिधींनी भिंतीवर लावायच्या वस्तूंना लगेच होकार दिला आणि मानधनाला नकार. "मास्तरांना पगार आहेच की." दोष त्यांचा नाही, देणगी दिसावी असं देणाऱ्याला वाटतंच.

तेव्हा सहा मुख्याध्यापकांतले सगळ्यात ज्येष्ठ सर बोलले. त्या वर्षीच निवृत्त होणार होते, घरी शेती. "पैरा करू," म्हणाले.

पैरा आमच्याकडे सगळ्यांना कळतो. भाताच्या लावणीला तुझी चार माणसं माझ्या खाचरात, उद्या माझी चार तुझ्यात. पैसा फिरत नाही, दिवस फिरतो, आणि दिवसाची फेड दिवसानेच होते. सरांचं म्हणणं असं : गणिताच्या मास्तरांनी पाच तास घालून पाठ केला, तर त्या पाठाचा लाभ घेणाऱ्या शाळांनी त्यांचं पाच तासांचं दुसरं काम उचलावं. कुणी त्यांचे घटक चाचणीचे पेपर तपासावेत, कुणी पर्यवेक्षणाला जावं, कुणी त्यांच्या नोंदी भरून द्याव्यात. आणि हे तोंडी न ठेवता वहीत लिहावं : कुणाचं येणं, कुणाचं देणं.

मी नऊ वर्षं प्रकल्प नियोजन शिकवते. मनुष्यबळाचा प्रश्न इतक्या नेमकेपणाने सुटलेला मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही.

वेळापत्रकानेही आपलं म्हणणं मांडलं. पाच शाळांना पत्र्याचं छप्पर आहे. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस वाजत असताना आवाजाचं चित्रण होत नाही. म्हणजे पाठ करायचे ते दिवाळी ते मे, आणि नेमक्या त्याच दिवसांत दहावीचे प्रात्यक्षिक, सराव परीक्षा, बोर्ड. हिशोबाने जूनपर्यंत बारा पाठ होऊ शकत होते. सचिवांना तसंच सांगितलं : उद्घाटन नाही, बारा पाठांची चाचणी.

आषाढातली चाचणी

चाचणीसाठी दोन शाळा निवडल्या. वसतिगृहाची, जिथे गणित आहे पण विज्ञान नाही, आणि दोन्ही विषय नसलेली सहावी शाळा. चाचणी जूनच्या शेवटी सुरू करून सप्टेंबरपर्यंत चालवायची, यावर मी हटून बसले. जानेवारीत पाटणच्या डोंगरात सगळंच चालतं. नवजा आणि कोयनानगरच्या पावसाचे आकडे ज्या महिन्यात रोज बातम्यांत येतात, त्या महिन्यात जे टिकेल तेच आमचं. जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. इथे पावसाळा गृहीत न धरता केलेली योजना मला करवत नाही.

पहिल्याच आठवड्यात जे उघडं पडलं ते कुठल्याही तक्त्यात नव्हतं. पत्र्याखाली टीव्ही ऐकूच येत नाही. पूर्ण आवाज करूनही तिसऱ्या बाकापुढे फक्त पाऊस. चित्रणाला पत्रा आड येणार हे मला सुचलं होतं, ऐकण्याला येईल हे सुचलं नव्हतं. वर्ग स्लॅबच्या खोलीत हलवला आणि पुढच्या पाठांत प्रत्येक पायरी फळ्यावर ठसठशीत लिहायची, बोलण्याचा मजकूर खाली पट्टीत द्यायचा असं ठरवलं. त्यामुळे एका पाठाला सहावा तास लागू लागला. वहीत तो लिहिला.

वीज जात होतीच. टीव्हीला साठ वॅट आणि वर थोडे धरले तर इन्व्हर्टरची दीडशे ॲम्पिअर-तासांची बॅटरी अर्धीच वापरली तरी दहा तास निघतात, तेव्हा तो प्रश्न सुटला. वसतिगृहातली पेटी मात्र दोनदा बिघडली, कारण वीज अचानक गेली की तिच्यातलं मेमरी कार्ड खराब होतं. दुसऱ्या वेळी मुलांनीच राखीव कार्ड घालून ती सुरू केली. लावणीच्या आठवड्यात वर्ग अर्धा रिकामा. साठवलेल्या पाठाचा खरा उपयोग मला तिथे दिसला : शेतातून परतलेल्या मुलांसाठी तोच पाठ पुन्हा लावता आला.

पण पाठ लावून बाहेर गेलेल्या शिक्षकाच्या वर्गात काहीच घडत नाही, हेही दिसलं. सहाव्या शाळेत मराठीच्या बाई गणिताच्या पाठाला बसत. त्यांना त्रिकोणमिती येत नव्हती आणि त्यांनी ते मुलांना सांगून टाकलं होतं. दर तीन मिनिटांनी त्या पाठ थांबवत, मुलांना वहीत करायला लावत, कुणाचं अडलं ते कागदावर लिहीत. शनिवारी सकाळी पूर्वेकडच्या खिडकीत स्टुलावर फोन ठेवून, स्पीकर लावून, गणिताच्या सरांना ते प्रश्न विचारले जात. डेटा मिळत नसला तरी साधा कॉल लागतो. बारा मिनिटांचा पाठ, वीस मिनिटांची आकडेमोड आणि शनिवारचे प्रश्न. एवढी आमची यंत्रणा, आणि तिच्यात सगळ्यात महाग भाग बाईंचं थांबणं हा आहे. वहीत बाईंचे तास 'येणे' म्हणून लिहिले, गणिताच्या सरांइतक्याच भावाने.

अहवालातली एक ओळ

खर्चाचं फार सांगण्यासारखं नाही. तीन शाळांत टीव्ही होते, तिथे फक्त इन्व्हर्टर-बॅटरी, कराडच्या दुकानातल्या दराने साधारण २० हजार. बाकी तिघांना टीव्हीसकट ४५ हजार. एकूण १ लाख ९५ हजार, एकदाच. पेटी आणि टॅब शाळेचे जुनेच. मुंबईच्या मंडळाने पैसे दिले आणि टीव्हीवर मंडळाच्या नावाची पट्टी लागली.

ऑक्टोबरच्या बैठकीत अंतिम अहवाल ठेवला. पाच शाळांसाठी योजना व्यवहार्य, सहाव्या शाळेसाठी नाही. आणि एक अट : ज्या विषयाची जागा रिकामी आहे, त्या विषयाचा टीव्हीवरचा पाठ वेळापत्रकात 'तासिका झाली' म्हणून दाखवायचा नाही. तो सराव म्हणून लिहायचा, आणि तासिकेच्या रकान्यात रिकामी जागा रिकामीच दिसली पाहिजे.

या ओळीवर बैठक दोन तास चालली. सचिव कळकळीने विचारत होते की जिथे काहीच नाही तिथे टीव्ही तरी का नको? त्यांचा हेतू चांगला होता. मी टीव्ही काढायला सांगत नव्हते. मला भीती वेगळी होती : पडदा लागला की कागदावर विषय शिकवला जाऊ लागतो, मग जागेसाठी कुणी पत्र लिहीत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी तो पडदा हाच त्या शाळेचा शिक्षक ठरतो. मराठीच्या बाई चाचणीत थांबल्या ते आपल्या विषयाच्या तासांतून वेळ काढून. दोन्ही विषयांसाठी वर्षभर थांबायचं तर मराठीच बुडणार. पैरा करायला दोन्हीकडे माणूस लागतो. सहाव्या शाळेकडे देण्यासारखा तासच नव्हता; ती कायम घेणारीच राहिली असती, आणि असा पैरा फार दिवस चालत नाही.

निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून आलेले ज्येष्ठ सर एवढंच म्हणाले, "वही दाखवा." वही फिरली. सहाव्या शाळेच्या पानावर देणं ओळीने लिहिलेलं होतं, येण्याच्या बाजूला फक्त मराठीच्या बाईंचं नाव. अट मंजूर झाली. मंडळाच्या संमतीने ४५ हजार वेगळे ठेवले आणि त्यातून तासिका तत्त्वावर विज्ञानाची शिक्षिका शोधायची ठरली. गणिताची जागा अजून रिकामी आहे. तिच्यासाठी संस्थेचं पत्र गेलं आहे, आणि मराठीच्या बाई फक्त गणिताच्या पाठाला थांबतात.

दिवाळीनंतर कोयनेकडची एक मुलगी रुजू झाली, नुकतीच बीएड झालेली. पहिल्या महिन्यात तिने भिंगांवरचा पाठ केला. पाऊस थांबलेला होता, पत्रा गप्प होता, चित्रण एकाच दमात झालं. सहाव्या शाळेच्या पानावर, येण्याच्या बाजूला, आता दुसरं नाव आहे : भिंगे, पाठ १, तास ५, येणे.